चुकून

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. कृषी केंद्रात जाऊन माणूस औषध मागतो, पंपात औषध भरतो, बोंडअळीला यंदा कुठलं औषध चालतंय यावर पारावर चर्चा होते, आणि एखाद्या रात्री कुणाच्या तरी बोलेरोतून एखाद्याला दवाखान्यात आणतात तेव्हाही सोबतचे लोक दारातूनच सांगतात, "औषध घेतलं जी यानं." मी विदर्भातच वाढले, तरी या शब्दाकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते इंटर्न असताना, २०१३ साली, कॅज्युअल्टीत.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. रात्री साडेअकराला चाळिशीतला एक माणूस आणला, सोबत भाऊ, बायको आणि गावातली दोन पोरं. जे करायचं असतं ते सगळं झालं, मेडिसिनचे सर येऊन गेले, दोनच्या सुमाराला नाडी-बीपी जागेवर आलं आणि मग राहिलं लिहायचं काम, ते नेहमी इंटर्नकडेच असतं. मी केसपेपर ओढला तसा भाऊ माझ्या स्टुलाजवळ येऊन उभा राहिला, हात जोडून. "म्याडम, तसं नोका लिवू जी. चुकून झालं म्हून लिवा. त्याच्या पोरीचं जमलं हाय, दिवाळीनंतर लगन हाय. पोलीस घरी आले त मोडन जी." बायको भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक दातात धरलेलं, ती काहीच बोलली नाही. मी रेसिडेंटकडे बघितलं. तो म्हणाला लिहून टाक, बिचाऱ्याला कशाला ३०९ मध्ये अडकवायचं. तेव्हा कलम ३०९ लागू होतं, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, एक वर्षापर्यंत कैद. मी लिहिलं. दया म्हणून लिहिलं, आजही मला ते तसंच वाटतं.

मग एमएलसीचं, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेसचं, रजिस्टर. लाल कापडी बांधणीचं, कोपरे हाताळून हाताळून काळे पडलेले, रकाने पट्टीने आखलेले: तारीख, वेळ, नाव, वय, गाव, कुणी आणलं, ड्युटीवरच्या पोलिसाचा बक्कल नंबर, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात 'चुकून' लिहिलं आणि सहज वर नजर गेली. वरच्या ओळीतही चुकून. त्याच्या वरही. मी बोटाने मोजत गेले, मागचं पानही मोजलं, औषधाच्या अकरा नोंदी होत्या आणि अकराच्या अकरा चुकून, वेगवेगळ्या अक्षरात, वेगवेगळ्या शाईत. म्हणजे त्या महिन्यात आमच्या दवाखान्यात जीव नकोसा झालेला एकही माणूस आलेला नव्हता. कागदावर तसंच होतं.

सहाव्या दिवशी त्याला सुट्टी झाली. जाताना "येतो जी म्याडम" म्हणाला. मानसोपचाराची ओपीडी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती, पण त्याला तिकडे कुणी पाठवलं नाही, मीही नाही. कागदावर जे झालंच नव्हतं त्यासाठी वर पाठवायचं तरी कसं, काय लिहून पाठवायचं.

जानेवारीत कँटीनमध्ये पेपर चाळताना आतल्या पानावर एक कॉलमी बातमी दिसली. गाव तेच, नाव तेच, वय तेच. पोरीचं लग्न झालं होतं की नव्हतं ते बातमीत नव्हतं.

हे सगळं मी इतकी वर्षं कुणाला फारसं सांगितलं नाही. आता लिहितेय कारण त्यानंतर मी पीएसएमला, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य या विषयाला, गेले, सार्वजनिक आरोग्यात काम करते, दिवसभर आकड्यांशीच माझा संबंध येतो, आणि त्या माणसाचे दोन कागद माझ्या डोक्यात अजून शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. एक सप्टेंबरचा, एक जानेवारीचा.

जानेवारीचा कागद किती जोरात पळाला असेल बघा. पोलीस पाटलाने ठाण्यात वर्दी दिली असणार, ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल, पंचनामा, पीएम म्हणजे शवविच्छेदन. तिकडे तलाठ्याचा अहवाल तहसीलला, तहसीलचा कलेक्टर कचेरीत, तिथून अमरावतीला विभागीय आयुक्तांकडे. शेतकरी आत्महत्यांची अशी मोजदाद अमरावती विभागात २००१ पासून चालू आहे, महिन्याचा आकडा पेपरात येतो, अधिवेशनात त्यावरून गोंधळ होतो. मग जिल्हा समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र ठरवते: सातबारा नावावर आहे का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजारांची ठेव. ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घराला हे पैसे लागतातच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ही अख्खी साखळी बघा, कोतवालापासून आयुक्तांपर्यंत, काही दिवसांत खबर पोचवणारी, आणि तिच्यात आरोग्य खात्याचा माणूस फक्त एका ठिकाणी येतो, पीएमच्या टेबलापाशी.

म्हणजे आपल्याला पटकन मोजता येत नाही हे खोटं आहे. आपण मोजतो, चांगलं मोजतो, पण ते मोजणं मदतीच्या फाइलसाठी असतं नाहीतर पोलिसांच्या फाइलसाठी. पुढचा कोण, त्याच्यापर्यंत कोण जाणार, हा प्रश्न घेऊन कुणी मोजत नाही.

देशाचा आकडा येतो एनसीआरबीकडून, म्हणजे पोलिसांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाकडून, १९६७ पासून दरवर्षी पुस्तक निघतं. २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली, दिवसाला साधारण ४६८, आणि सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, २२,७४६. हे आपल्याला कळलं कधी, तर २०२३ च्या डिसेंबरात. २०२२ च्या संक्रांतीला कुणी गेलं असेल तर त्या माणसाचा आकडा व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली, तोपर्यंत त्या गावात दोन पेरण्या होऊन गेल्या. त्यात कारणांचं कोष्टक असतं: कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के वगैरे. एका माणसामागे एक कारण. ठाण्यातल्या हवालदाराला एका चौकटीत टिक करायची असते, त्याचा दोष नाही, पण ज्याची बायको आजारी आहे, सोयाबीन पावसात गेलंय, पतसंस्थेचा माणूस दारात येऊन बसतोय आणि दारूही सुटत नाही त्याला तो कुठल्या चौकटीत घालणार?

आणि हा आकडाही पुरा नाही. भारतात मिलियन डेथ स्टडी नावाचा मोठा अभ्यास झाला, रजिस्ट्रार जनरलच्या यंत्रणेतली माणसं घरोघर गेली, ज्या घरात मृत्यू झालाय तिथे बसून काय झालं कसं झालं ते ऐकून घेतलं. त्यावरून २०१० सालचा १५ वर्षांवरच्यांचा अंदाज निघाला १ लाख ८७ हजार. पोलिसांचा त्याच वर्षाचा आकडा होता १ लाख ३४ हजारांच्या आसपास. लोकांनी खाकी कपड्यातल्या माणसाला जे सांगितलं नाही ते ओट्यावर येऊन बसलेल्या माणसाला सांगितलं, मला तर या दोन आकड्यांतल्या फरकाचा हाच अर्थ दिसतो.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे आयडीएसपी आहे, म्हणजे साथरोग सर्वेक्षण, २००४ पासून. एखाद्या गावात दोन दिवसांत गॅस्ट्रोचे पाच-सहा पेशंट आले की पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, फोन जातो, टीम निघते, विहिरीत ब्लीचिंग पडतं, पाण्याचे नमुने लॅबला. डॉक्टरांनी नियमित भरायचा पी फॉर्म असतो, त्यात मलेरिया डेंग्यू आहेतच, शिवाय कुत्रा चावलेल्यांचा आणि साप चावलेल्यांचाही रकाना आहे. मी हा फॉर्म शेकडो वेळा भरलाय, भरून घेतलाय. साप चावून आलेला माणूस आणि औषध घेऊन आलेला माणूस शेजारशेजारच्या खाटांवर असायचे, एकच सिस्टर दोघांना बघायची, एकाची नोंद आठवड्याच्या आत जिल्ह्याला जायची आणि दुसरा रजिस्टरच्या लाल कापडात राहायचा.

बाळंतपणात बाई गेली तर २४ तासांत कळवायचं असतं. आशाताई कळवते, दवाखाना कळवतो, मग माता मृत्यू अन्वेषण होतं, कुठे उशीर झाला ते शोधतात, घरात निर्णय घ्यायला वेळ गेला की गाडी मिळाली नाही की पोचल्यावर रक्त नव्हतं. त्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही असा नियम घालून दिलेला आहे. प्रत्यक्षात तो किती पाळला जातो ते मी बघितलंय, तरी निदान नियम आहे, आणि त्यामुळे लोक हळूहळू खरं बोलायला लागले. एका मृत्यूबद्दल आपण हे शिकलो तर दुसऱ्या मृत्यूबद्दलही शिकू शकतो असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या देशांत हे होतंय. जपानचं पोलीस खातं दर महिन्याला तात्पुरते आकडे काढतं. कोविडच्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, एका महिन्यात दोन हजारांवर माणसं गेल्याचं दिसलं, आणि बायकांमधली वाढ आदल्या ऑक्टोबरच्या तुलनेत ८० टक्क्यांहून जास्त. हे त्यांना नोव्हेंबरात कळलेलं होतं. काम गेलेल्या, घरात अडकलेल्या बायकांचा प्रश्न आहे यावर तिथे लगेच बोलणं सुरू झालं, पुढच्या फेब्रुवारीत एकाकीपणासाठी वेगळा मंत्री नेमला. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी उलटं झालं, लॉकडाऊनमुळे आत्महत्या भराभर वाढताहेत अशा बातम्या फिरत होत्या, पण काही भागांत तेव्हा चालू असलेल्या तातडीच्या नोंदी मँचेस्टरच्या प्राध्यापक लुई अॅपलबी यांच्या गटाने एकत्र केल्या तेव्हा ऑक्टोबरपर्यंत तरी तशी वाढ दिसली नाही. वेळेवर मोजलं की घबराटही थांबते. आपला २०२० चा आकडा आला २०२१ च्या ऑक्टोबरात, १,५३,०५२. दुसरी लाट येऊन गेली होती तोपर्यंत.

इंग्लंडची पद्धत मला समजून घ्यायला आवडली. तिथे आत्महत्या आहे की नाही हे कॉरोनर चौकशी करून ठरवतो आणि त्याला कित्येक महिने लागतात, म्हणून त्यांनी 'संशयित' हा शब्द घेतला. पोलिसांना पहिल्या दिवशी जे वाटलं ते आरोग्य विभागाला कळवायचं, निकाल नंतर लागू दे. नोव्हेंबर २०२३ पासून अख्ख्या देशाचा असा आकडा दर महिन्याला प्रसिद्ध होतो. आपल्याकडे व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखून ठेवला की लॅबचा रिपोर्ट यायला किती दिवस लागतात हे ज्यांनी बघितलंय त्यांना या एका शब्दाची किंमत कळेल.

पण माझ्या मनात घर केलं ते आयर्लंडने. त्यांच्याकडे गेलेल्यांची मोजदाद आहेच, शिवाय स्वतःला इजा करून घेऊन दवाखान्यात आलेल्यांचं, म्हणजे जिवंत माणसांचं, राष्ट्रीय रजिस्टर आहे. २००२ मध्ये सुरू झालं, २००६ पासून देशातल्या सगळ्या इमर्जन्सी विभागांना लागू. वर्षाला साधारण १२ हजार नोंदी. त्यासाठी पगारी, शिकवून तयार केलेली माणसं आहेत, ती कॅज्युअल्टीचे कागद वाचतात, ठरलेल्या व्याख्येप्रमाणे नोंद करतात. सिस्टरच्या डोक्यावर आणखी एक फॉर्म टाकलेला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे असं काही ठरलं की पहिला विचार येतो आशाताईला सांगू, आणि आशाताईच्या पिशवीत आधीच इतकी रजिस्टरं आहेत की ती उचलून दाखवते तेव्हा माझीच मान खाली जाते. माणूस नेमायचा असेल, त्याला पगार द्यायचा असेल तरच हे करावं.

जिवंत माणसांची नोंद का, याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते चेन्नईचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणी एक अभ्यास केला, त्यात चेन्नई होतं, कोलंबो होतं. प्रयत्न करून दवाखान्यात आलेले १,८६७ जण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा संपर्क: पहिल्या आठवड्यात, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. फोन करायचा नाहीतर घरी जायचं, कसे आहात विचारायचं, गरज असेल तर पुढे पाठवायचं, बस. दीड वर्षाने बघितलं तर नेहमीच्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेलेले होते आणि फोन केलेल्यांत ०.२ टक्के. २००८ मध्ये हे छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा पुण्यात होते, हॉस्टेलच्या खोलीत, आणि मला पहिलं काय आठवलं असेल तर तो शेऱ्याचा रकाना. सप्टेंबर ते जानेवारी. पाच-सहा फोन झाले असते तेवढ्या काळात. पण फोन करायला आधी यादी लागते आणि यादीत तो नव्हता, मी त्याला यादीत घातलाच नव्हता.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता, गोव्याच्या संगाथ संस्थेचा त्यात हात होता, गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन ताणतणावावर बोलायचं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे आमची माणसं बोलत नाहीत, विदर्भातला पुरुष मोकळा होत नाही, हे जे सगळे म्हणतात ते मला आता पटत नाही. विचारलं की बोलतात.

कायदाही बदलला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून, त्यातलं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट सरकारने त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करायचं. १ जुलै २०२४ ला जुन्या दंडविधानाच्या जागी न्याय संहिता आली त्यात तर ३०९ उरलंच नाही, सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं कलम २२६ तेवढं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर झालं, २०३० पर्यंत मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचे आणि तीन वर्षांत नोंदीची पक्की यंत्रणा उभी करायची असं त्यात लिहिलंय, म्हणजे मुदत २०२५ ची होती. पण मी अजूनही ज्या ज्या कॅज्युअल्टीत जाते तिथे रजिस्टर उघडून बघते आणि 'चुकून' अजून तिथेच आहे. कलम गेलं तरी पोलीस दारात येण्याची भीती गेलेली नाही, कारण एमएलसी होतेच, जबाब घ्यायला हवालदार येतोच, आणि शेजारी बघतातच. ११५ बद्दल मी इंटर्नना विचारते तेव्हा निम्म्यांना माहीत नसतं, ज्यांना माहीत असतं ते म्हणतात नातेवाईक रडतात मॅडम, काय करणार.

भीती मलाही वाटते, वेगळी. ही नोंद उद्या एखाद्या डॅशबोर्डवर गावनिहाय दिसायला लागली तर? आठशे उंबऱ्यांच्या गावात 'पुरुष, ४१, गेल्या मंगळवारी' एवढं लिहिलं तरी नाव लिहिल्यासारखंच आहे. पेपरवाल्याला मिळालं तर तो छापेल, प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये बातमी कशी द्यावी याच्या सूचना दिल्यात तरी अजून पानावर फोटो येतात, पद्धत येते, एका ओळीत कारण येतं, आणि अशा बातम्यांनी आधीच काठावर असलेल्या माणसांना धक्का बसतो हे आता चांगलं माहीत झालेलं आहे. छोट्या जिल्ह्यात तीनाचे सात झाले तर तो योगायोग की खरंच काही घडतंय हेही महिन्याच्या आकड्यावरून लगेच सांगता येत नाही, त्यासाठी शांत डोक्याचा माणूस लागतो. म्हणून माझं मत असं की आकडा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापर्यंतच जावा, नाव फक्त फोन करणाऱ्याकडे राहावं, आणि ते नाव पोलिसांच्या, बँकेच्या, कुणाच्याच हाती लागू नये. हे जमत नसेल तर नोंद न केलेली बरी असं मी एकदा मीटिंगमध्ये म्हणाले होते. आता म्हणणार नाही. न केलेल्या नोंदीचं काय होतं ते मी बघितलंय.

गेल्या वर्षापासून आम्ही एका ग्रामीण रुग्णालयात छोटंसं काम करतोय. मोठं काही नाही, एक जाड वही आणि एक मोबाइल. एमएलसी रजिस्टर वेगळं, ही वही वेगळी, कपाटात कुलुपात. माणूस बरा झाला, बोलायला लागला की एक सिस्टर त्याच्याशी पडदा ओढून बोलते, घरच्यांना बाहेर बसवून, आणि विचारते फोन केला तर चालेल का. बहुतेक जण हो म्हणतात, हे मला अपेक्षित नव्हतं. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कागदावर लिहून देते, रात्री-अपरात्री कधीही मराठीत बोलता येतं म्हणून सांगते. आणि वहीत शेरा लिहायच्या आधी ती एक प्रश्न विचारते, मी तिला शिकवलेला नाही, तिचा तिचाच आहे: "चुकून झालं का जीव कंटाळला होता दादा?" असं विचारल्यावर लोक खरं सांगतात. कुणी लगेच, कुणी दुसऱ्या दिवशी चहा पिताना.

परवा मी तिथे होते. सातव्या आठवड्याचे दोन फोन होते. पहिला लागला, स्पीकरवर होता, मागे बायकांचे आवाज, वारा.

"कोन बोलते?"

"दवाखान्यातून सिस्टर बोलतो दादा. कसे हाय?"

"हाव, बरा हाय. झोप येते आता. वेचणी चालू हाय जी, मजूर लागले. संध्याकाळी करता का?"

"करतो ना. किती वाजता?"

"सातच्या नंतर करा."

सिस्टरने फोन ठेवला, वहीत त्याच्या नावापुढे 'सायं. ७ नंतर' लिहिलं, आणि दुसरा नंबर लावायला घेतला.